प्रोजेक्टरचे जुने दिवे : निवड, पारख आणि अदलाबदल (पुणे)

सोळा_एमएम

नमस्कार मंडळी. पुण्यात जुने प्रोजेक्टर बाळगणारे आता बरेच झाले आहेत. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर टाकली की कुणी ना कुणी भेटतंच. पण गप्पा सगळ्या मशीनच्या. बेल अँड हॉवेल मिळाला, सीमेन्स मिळाला, बॉडीला गंज नाही, लेन्स स्वच्छ आहे. दिव्याचं कुणी विचारत नाही. मशीन घरी आणायचं, साफ करायचं, पट्टे बदलायचे, मोटर फिरली की आनंद, आणि मग कळतं की त्याला लागणारा बल्ब कुठेच मिळत नाही. असली कितीतरी चांगली मशीनं शोकेसमध्ये नुसती उभी आहेत. म्हणून धागा काढतोय. माझं सांगणं एवढंच: आधी दिवा बघा, मग मशीन घ्या.

घरच्या संग्रहात येतात ती मशीनं बहुतेक १६ एमएम, सुपर-८ किंवा साधी ८ एमएम. दिव्याच्या हिशोबाने त्यांच्या दोन पिढ्या. जुन्या पिढीला मोठा, नळकांड्यासारखा काचेचा बल्ब, थेट मेनच्या व्होल्टेजवर चालणारा, ५००, ७५० किंवा १००० वॉटचा. अमेरिकन मशीन असेल तर ११० ते १२० व्होल्टचा. बूड प्री-फोकस, म्हणजे फिलामेंट लेन्सच्या रेषेत आपोआप बसेल अशी कडी असलेलं, नाहीतर चार पिनांचं. हे बल्ब आता कुणी फारसं बनवत नाही. जो मिळेल तो जुन्या साठ्यातला.

दुसरी पिढी १९६० च्या दशकापासूनची, कमी व्होल्टेजच्या हॅलोजनची. इथे नशीब आपल्या बाजूने आहे. हे बल्ब तीन अक्षरी कोडने ओळखले जातात. यातला ईएलसी म्हणजे २४ व्होल्ट २५० वॉट, मागे वाटीसारखा आरसा असलेला. एकी (Eiki) कंपनीच्या बऱ्याच १६ एमएम मॉडेलांत हाच लागतो. ईएफपी म्हणजे १२ व्होल्ट १०० वॉट आणि ईएफआर म्हणजे १५ व्होल्ट १५० वॉट, हे दोन्ही सुपर-८ मध्ये भरपूर. वाटी नसलेले दोन पिनांचे हवे असतील तर ईएचजे (२४ व्होल्ट २५० वॉट) आणि एफसीआर (१२ व्होल्ट १०० वॉट). हे आजही मिळतात, कारण सूक्ष्मदर्शक, फायबर ऑप्टिकचे दिवे, स्टेजवरची लायटिंग, ओव्हरहेड प्रोजेक्टर या सगळ्यांत हेच बल्ब वापरले गेले. त्यामुळे प्रोजेक्टरचा बल्ब म्हणून विचाराल तर दुकानदार मान हलवेल. सर्जिकल किंवा प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात तीन अक्षरी कोड सांगा, बऱ्याचदा काम होतं.

सुरुवात करणाऱ्याने ईएलसी, ईएफपी किंवा ईएफआरवर चालणारं मशीन घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ७५० वॉटवाल्या जुन्या देखण्या मशीनच्या मोहात पडायचं असेल तर सोबत निदान एक जादा बल्ब मिळत असेल तरच.

---

निळी_शाई

रुमाल टाकून (धाग्यावर जागा धरून) ठेवते, आणि प्रश्नही विचारते. आत्याच्या शाळेने अडगळीतून काढलेला एक १६ एमएम अमेरिकन प्रोजेक्टर माझ्याकडे आलाय. पाटीवर ११५ व्होल्ट, ६० सायकल, ७५० वॉट असं कोरलंय. आत बल्ब आहे, वर किंचित काळपटलाय. एक जादा बल्बही पेटीत आहे, खोक्यासकट. सरळ ट्रान्सफॉर्मर लावून चालू करू का? आणि आतला बल्ब चांगला आहे की नाही हे न पेटवता कसं ओळखायचं?

---

तपकीर_गल्ली

ताई, अजून लावू नका. क्रमाने जाऊ.

बल्ब काढून मल्टिमीटरवर बघा. ११० ते ११५ व्होल्टच्या ७५० वॉटच्या बल्बचा रोध पेटल्यावर १६-१७ ओहम असतो, पण थंड असताना साधारण एक-सव्वा ओहमच दिसेल. तेवढा दिसला तर फिलामेंट शाबूत. मीटर काहीच दाखवत नसेल तर तुटलेली. २४ व्होल्टच्या हॅलोजनला मात्र थंडपणी रोध इतका कमी असतो की मीटरच्या वायरींचा रोधच जास्त भरतो, तिथे फक्त बीप वाजतो का एवढंच बघायचं.

मग काच. जुन्या बल्बला वरच्या टोकाला काळपटपणा येणं साहजिक आहे, फिलामेंटचं टंगस्टन उडून तिथे बसतं. काळपटपणा वाढला की उजेड कमी, आयुष्य सरत आलेलं. पण काचेला एका बाजूला फुगवटा दिसला तर तो बल्ब लावूच नका. पंखा नीट चालत नसताना कुणीतरी तो वापरलेला असतो. फिलामेंटच्या वेटोळ्यांकडे उजेडात धरून बघा. वेटोळी समान अंतरावर, सरळ उभी हवीत. दोन वेटोळी एकमेकींना टेकली असतील तर तेवढा भाग शॉर्ट, उरलेल्यावर जास्त ताण.

ट्रान्सफॉर्मर: ७५० वॉटचा बल्ब एकटाच पावणेसात अँपिअर घेतो, वर मोटर आणि अ‍ॅम्प्लिफायर. १५०० व्हीएचा (व्होल्ट गुणिले अँपिअर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची क्षमता) घ्या, १००० वर तो तापून निघेल. ऑटो-ट्रान्सफॉर्मर स्वस्त असतो, पण त्यात मेन आणि मशीन वेगळे होत नाहीत. जुन्या मशीनची धातूची बॉडी लक्षात घेता मी आयसोलेशनवालाच घेईन.

आता ६० सायकलचा (हर्ट्झचा) मुद्दा. मशीनची मोटर इंडक्शन किंवा सिंक्रोनस असेल तर आपल्या ५० सायकलवर ती सहात पाच या हिशोबाने फिरेल. सेकंदाला २४ फ्रेमच्या जागी २० फ्रेम. चित्र संथ, आवाज जाड. काही कंपन्या ५० सायकलसाठी वेगळी पुली देत असत, शाळेच्या पेटीत तळाशी शोधा.

---

निळी_शाई

पेटीत पितळी पुली आहे! मला ते सुटं वायसर वाटत होतं. मीटरवर आतला बल्ब १.३ दाखवतोय, वेटोळी सरळ आहेत. फुगवटा नाही.

---

तपकीर_गल्ली

मग उत्तम. बल्ब वापरात चालेल, पेटीतला नवा राखून ठेवा.

एक गोष्ट सगळ्यांसाठीच. बल्ब लवकर गेला की लोक बल्बला नावं ठेवतात. दहातल्या बऱ्याच वेळा दोष सॉकेटचा असतो. ईएलसीतून साडेदहा अँपिअर जातात. पिन आणि सॉकेटच्या पट्टीत फक्त ०.१ ओहमचा सैल संपर्क असला तरी त्या एका टोकावर ११ वॉट उष्णता तयार होते. पिन निळसर-काळी पडते, खड्डे पडतात, उष्णता पिनेतून बल्बच्या सीलपर्यंत चढते. सीलमधली मॉलिब्डेनमची पातळ पट्टी ३५० अंशांच्या वर ऑक्सिडाइझ व्हायला लागते आणि बल्ब फिलामेंट धड असताना मरतो. आणि खड्डे पडलेल्या सॉकेटमध्ये घातलेला नवा बल्बही त्याच वाटेने जातो. म्हणून जुनं मशीन आणलं की नवा बल्ब घालण्याआधी सिरॅमिक सॉकेट बदला. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत मिळतं, बल्बच्या मानाने किंमत काहीच नाही. शो संपला की दिवा बंद करून पंखा चार-पाच मिनिटं तसाच चालू ठेवा, तेही याच कारणासाठी.

व्होल्टेजचंही बघा. दिव्याचं आयुष्य व्होल्टेजच्या साधारण बाराव्या घाताने बदलतं. ५ टक्के व्होल्टेज कमी केलं तर आयुष्य जवळपास दुप्पट, उजेड मात्र १५-१६ टक्क्यांनी कमी. उलट, रात्री आपल्याकडे लोड उतरून लाइन २४२ वर गेली तर तेवढ्यानेच आयुष्य निम्मं. मूळ ईएलसी ५० तासांचाच असतो, हे विसरू नका. ३०० आणि ५०० तासांचे प्रकार येतात, ते थोडे पिवळे आणि मंद. घरच्या चार-सहा फुटी पडद्याला मी तेच लावतो.

---

वारजेकर

वाचनखूण साठवली. एक भर: ईएलसीच्या सॉकेटमध्ये दुकानाच्या शोकेसमधला १२ व्होल्ट ५० वॉटचा वाटीवाला बल्बही बसतो, पिनांमधलं अंतर तेच, ५.३ मिमी. आकारही तोच, कारण ही दोन इंची वाटी मुळात प्रोजेक्टरसाठीच तयार झाली आणि नंतर शोकेसमध्ये गेली. बाजारात असा शोकेसचा बल्ब घातलेलं मशीन 'बल्बसहित' म्हणून विकलं जातं. २४ व्होल्ट मिळाले की तो जागीच जातो. वाटीच्या मागच्या कडेला छापलेला कोड वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

माझ्याकडच्या एका मशीनचा बल्ब कुठेच मिळेना, म्हणून मी एलईडी बसवलाय. १०० वॉटची सीओबी (एकाच पट्टीवर अनेक एलईडी चिप), मोठा हीटसिंक, वेगळी पॉवर सप्लाय. निळी_शाई, तुम्हालाही पुढे तो पर्याय आहे. फिल्म तापत नाही, बल्ब शोधायची कटकट नाही.

---

केबिनवाला

वारजेकर, तुमचं काम मी पाहिलंय, सफाईदार आहे. पण एलईडीबद्दल दोन गोष्टी नवीन माणसाला माहीत हव्यात.

पहिली, सीओबीचा उजळ भाग फिलामेंटपेक्षा कितीतरी मोठा. गेटमधून (फिल्म जिथे उजेडासमोर येते ती खिडकी) आणि लेन्समधून जाईल तेवढाच उजेड पडद्यावर जातो, बाकीचा लॅम्पहाउसमध्ये, म्हणजे दिव्याच्या पेटीत, वाया. म्हणून १०० वॉटचा एलईडी कागदावर भरपूर वाटतो आणि पडद्यावर अपेक्षेपेक्षा कमी पडतो. वॉट बघू नका, उजळ भाग किती लहान आहे ते बघा. दुसरी, स्वस्त ड्रायव्हर उजेड चालू-बंद करून कमी-जास्त करतात. त्या फडफडीची प्रोजेक्टरच्या शटरशी गाठ पडते. दोन पात्यांचं शटर २४ फ्रेमला सेकंदाला ४८ वेळा उजेड सोडतं, तीन पात्यांचं ७२ वेळा. दोन्ही लयी जुळल्या नाहीत की पडद्यावर लाटा दिसतात. सरळ डीसी, स्थिर करंटचा ड्रायव्हर हवा.

आणि रंग. १६ एमएमच्या अनेक प्रती टंगस्टनच्या ३२०० केल्विनच्या उजेडासाठी बांधलेल्या असायच्या. थंड पांढरा एलईडी लावला की चेहरे निळसर. गरम पांढरा, चांगल्या सीआरआयचा (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) घ्या.

बाकी मी ३५ एमएमचा माणूस. पेठेतल्या एका थिएटरच्या केबिनमध्ये नोकरीला लागलो तेव्हा कार्बन आर्कचा दिवा होता, सुटलो तेव्हा झेनॉन वायूचा. त्या दोन्हींची सामग्री आता भंगारात येते आणि तुमच्यासारखी मंडळी ती घेते, म्हणून लिहितो.

कार्बन आर्कमध्ये कार्बनच्या दोन कांड्या, डीसी करंट, मागे काचेचा आरसा. उजेड येतो तो पॉझिटिव्ह कांडीच्या टोकाला जो खळगा पडतो त्यातून. पॉझिटिव्ह लवकर झिजते म्हणून ती जाड. ७ मिमी पॉझिटिव्हला ६ मिमी निगेटिव्ह, ४२ ते ५० अँपिअर. ८ ला ७, तिथे ५६ ते ६५ अँपिअर. जोडी चुकवली की आर्क मधोमध राहत नाही. वर तांब्याचा मुलामा असतो करंट नेण्यासाठी, तो वितळून थेंब पडतात आणि आरशावर उडतात. जुन्या लॅम्पहाउसच्या आरशावर दिसणारे बारीक खड्डे हे त्याचेच. लॅम्पहाउस घेताना बॉडीपेक्षा आरसा बघा. चांदी उडालेली असेल तर पुन्हा चढवता येते, खड्डे पडलेल्या काचेचं काही होत नाही.

कांड्या विकत घेताना खोकं उघडून बघा. दमट जागी राहिलेल्या कांड्या तडतडतात, तांबं सुटतं, आर्क स्थिर राहत नाही. पावसाळ्यात आम्ही कांड्या लॅम्पहाउसच्या डोक्यावर वाळत ठेवायचो. लॉरेन, रिंग्सडॉर्फ, नॅशनल यांच्या कांड्यांचे बंद खोके अजून दिसतात. बोटाने मुलामा निघत असेल तर घेऊ नका.

घरात कार्बन पेटवायचा विचार कुणी करत असेल तर धुराडं असल्याशिवाय नको. धूर विषारी, आणि अतिनील किरण डोळे जाळतात. काळ्या काचेतूनच बघायचं. ३५ एमएमवर जुनी, झटकन पेट घेणारी नायट्रेट फिल्म तर कुठल्याच दिव्यासमोर नेऊ नका. २००३ साली एफटीआयआयच्या (फिल्म इन्स्टिट्यूटच्या) आवारातल्या आगीत नायट्रेटच्या केवढ्या फिल्मा गेल्या हे पुणेकरांना आठवत असेल. १६ एमएम १९२३ पासून सहज पेट न घेणाऱ्या सेफ्टी फिल्मवरच निघाली, त्यामुळे तुम्ही मंडळी त्या बाबतीत निर्धास्त.

---

जुनी_रिळं

काका, झेनॉनबद्दल सविस्तर सांगा ना. सध्या त्यांचीच आवक जास्त आहे. डिजिटल आल्यावर थिएटरांनी केबिनी रिकाम्या केल्या, १००० आणि १६०० वॉटचे बल्ब भंगारवाल्यांकडे दिसतात. एका ओळखीच्या घरी तर झेनॉनचा बल्ब दिवाणखान्यात काचेच्या कपाटात शोभेला ठेवलाय. दिसतो सुंदर.

---

केबिनवाला

त्यांना आजच फोन करा. तो बल्ब कपाटातून काढून त्याच्या प्लॅस्टिकच्या कवचात घालायला सांगा, आणि तेही चेहऱ्यावर शील्ड, हातात जाड मोजे, गळ्यापर्यंत जाड कापड असल्याशिवाय नको.

मंडळी, हे नीट वाचा. झेनॉनच्या बल्बमध्ये थंड असतानाही वातावरणाच्या आठ-दहा पट दाब असतो. पेटल्यावर तो तिपटीच्या आसपास जातो. बल्ब मेला म्हणून दाब जात नाही. वापरून काळपटलेल्या क्वार्ट्झला तर ताण जास्तच. पडला, कपाटाचं दार आपटलं, कुणी बोटाने टिचकी मारली, तर क्वार्ट्झचे तुकडे चेहऱ्यात जातील. केबिनमध्ये आम्ही बल्ब बदलताना शील्ड घातल्याशिवाय लॅम्पहाउसचं दार उघडत नसू, आणि बल्ब पूर्ण निवल्याशिवाय हात घालत नसू.

शोभेला ठेवायचाच असेल तर रिकामं लॅम्पहाउस ठेवा, आरसा ठेवा. बल्ब नको.

आता पारख. विकणारा तास सांगत नसेल तर घेऊ नका. १००० ते २००० वॉटच्या बल्बना कंपनीची हमी साधारण २००० तासांच्या आसपास असे. हमी संपलेला बल्ब पेटतो, पण फुटण्याचा धोका वाढत जातो. काचेवर आतून काळी किंवा पांढरट झाक, इलेक्ट्रोडच्या टोकाची झीज, हे बघा, मात्र कवचातूनच. आडवा लावायचा की उभा, हे बल्बवर अवलंबून असतं, विचारून घ्या. जाड इलेक्ट्रोड तो अ‍ॅनोड, म्हणजे पॉझिटिव्ह. उलटा जोडला तर काही सेकंदांत कॅथोडचं टोक वितळतं आणि बल्ब कामातून जातो.

आणि नुसता बल्ब घेऊन उपयोग नाही. १००० वॉटला जवळपास २० व्होल्ट ५० अँपिअर, १६०० ला २५ व्होल्ट ६५ अँपिअर असा डीसी देणारा रेक्टिफायर लागतो, आणि पेटवायला हजारो व्होल्टचा इग्नाइटर. जुन्या रेक्टिफायरचे डायोड किंवा चोक दुबळे झाले की डीसीत लहर वाढते आणि नवा बल्बही लवकर झिजतो. रेक्टिफायर, इग्नाइटर, लॅम्पहाउस आणि बल्ब, हा संच एकत्र मिळत असेल तरच बोला.

---

जुनी_रिळं

फोन केला. बल्ब कवचात गेला, कपाट रिकामं झालं. धन्यवाद काका.

---

सोळा_एमएम

काकांचा प्रतिसाद वर चिकटवून ठेवावा अशी संपादकांना विनंती.

आता अदलाबदलीबद्दल. आपल्यात व्यवहार वाढतायत, तेव्हा माझी काही ठाम मतं आहेत, पटली तर घ्या.

मशीनमधला चालू बल्ब काढून वेगळा विकण्याची पद्धत आली आहे, कारण बल्बला जास्त पैसे येतात. हे बंद व्हायला हवं. ज्याच्याकडे ते मशीन जाईल त्याला बल्ब शोधत वर्षं जातील. मशीन द्यायचं तर दिव्यासकट, आणि दिवा गेलेला असेल तर तसं स्पष्ट सांगून.

बल्बला बल्ब द्यावा, हे मला पैशापेक्षा जास्त पटतं. मात्र समोरासमोर, पेटवून. हॅलोजन एक मिनिट पेटवून दाखवायला काही लागत नाही. पेटवताना क्वार्ट्झला बोट लावायचं नाही, लागलंच तर स्पिरिटने पुसायचं. घामातले क्षार तापल्यावर काचेला कायमचे डाग पाडतात आणि बल्ब तिथूनच कमकुवत होतो. जुने ७५० वॉटचे बल्ब खोक्यातून काढून परत खोक्यात घालताना फिलामेंटला हादरा बसतो, तेव्हा सारखे हाताळू नका. कुरियरने पाठवायचेच तर बल्ब उभा राहील असं खोकं करा. परदेशातल्या एका विक्रेत्याने माझ्या ओळखीच्या माणसाला दोन बल्ब एकाच खोक्यात आडवे टाकून पाठवले, दोन्हींची फिलामेंट तुटलेली.

आणि सगळे विसरतात तो एक्सायटर लॅम्प. फिल्मच्या कडेचा ध्वनिपट्टा वाचणारा इवलासा दिवा. तो गेला की चित्र दिसतं, आवाज नाही, आणि लोक अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसतात. १६ एमएमला बीआरके, म्हणजे ४ व्होल्ट ०.७५ अँपिअर, बऱ्याच मशीनांना चालतो. ३५ एमएमला मोठे, उदाहरणार्थ १० व्होल्ट ५ अँपिअर. या दिव्याला डीसी किंवा वरच्या फ्रिक्वेन्सीचा एसी लागतो. साध्या ५० सायकलवर दिला तर स्पीकरमधून १०० हर्ट्झची गुणगुण ऐकू येते. कुणी 'आवाजात हम आहे' म्हणून मशीन स्वस्तात काढत असेल तर आधी हे तपासा, मशीन चांगलं असण्याची शक्यता मोठी.

माझ्याकडे ईएफआर गरजेपेक्षा जास्त आहेत, सगळे पेटवून दाखवेन. बदल्यात बीआरके हवेत.

---

वारजेकर

माझ्याकडे बीआरकेचं बंद खोकं आहे. एलईडीवर गेल्यापासून ईएफआर मला नकोत, पण दुसऱ्या सुपर-८ साठी ईएफपी लागतील. जुळतंय का?

एक वेगळा प्रश्न. माझ्याकडे एक कार्बनचं लॅम्पहाउस आलंय, आरसा धड, आतली कांड्या पुढे सरकवणारी मोटरही चालू. घरात ठेवायला जागा नाही. भंगारात घालायची इच्छा नाही.

---

सोळा_एमएम

जुळतंय. ईएफपी माझ्या मित्राकडे आहेत, त्रिकोणी व्यवहार करू. व्यक्तिगत निरोप करतो.

लॅम्पहाउस घाईत कुणाला देऊ नका. कुठल्या थिएटरचं, कोणत्या मशीनवर होतं, कोणी वापरलं, जे कळेल ते एका कागदावर लिहून आत चिकटवा. आपल्या शहरात प्रभात फिल्म कंपनीची जागा एफटीआयआयच्या रूपाने उभी आहे, १९६४ मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय लॉ कॉलेज रोडला आहे. तिथे पत्र लिहून विचारा, त्यांना हवं असेल तर पहिला हक्क त्यांचा. नसेल हवं, तर आपल्यापैकी कुणाकडे ठेवायचं ते बघू.

---

निळी_शाई

अपडेट. नवं सॉकेट बसवलं, ५० सायकलची पुली टाकली, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर ११० व्होल्टवर चालवलं. चित्र भिंतीवर उमटलं! आत्या आली होती, तिच्या शाळेतल्या मुलांना याच मशीनवर फिल्म्स डिव्हिजनची रिळं दाखवायची, म्हणून रीळ तिनेच चढवलं, फिल्मचा लूप (सैल वळसा) किती ठेवायचा हेही तिलाच माहीत होतं. आवाज मात्र येत नाही. एक्सायटर पेटतो, पण फार मंद.

---

केबिनवाला

पेटतो पण मंद, म्हणजे सॉकेट किंवा त्याचा सप्लाय. दिव्याच्या दोन टोकांवर चालू असताना व्होल्ट मोजा. बल्बवर लिहिलेल्यापेक्षा बरेच कमी भरले तर सॉकेटची पट्टी आधी घासून घ्या. नाहीच जमलं तर रविवारी सकाळी मशीन घेऊन या, जुन्या बाजारात जायच्या आधी बघू. सोळा_एमएम, तुम्ही एक बीआरके खिशात घेऊन या. वारजेकर, लॅम्पहाउसचे फोटो आणा, आरशाचा जवळून घेतलेला एक असू द्या.

---

वारजेकर

आणतो. बीआरके माझ्याकडूनच येतील, सोळा_एमएमना वेगळे आणायला नकोत.